कात्रणातले औषध आपल्या माणसाला लागू पडेल का?

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांना काही ना काही जोडलेले होते. कुणी वर्तमानपत्राचे कात्रण पाठवले, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर छापून पाठवला, आणि एका पत्रासोबत तर लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातीचा फोटो होता. संशोधनाची बातमी खरी असेलही, पण ती आपल्या घरातल्या रुग्णाच्या कामाची आहे का, हेच सर्वांना विचारायचे आहे. म्हणून त्यांतली चार पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : माझे मोठे दीर ५८ वर्षांचे आहेत. त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग असून तो यकृतापर्यंत गेल्याचे मागच्या महिन्यात कळले. पवईच्या आयआयटीत शोधलेल्या पेशींच्या उपचाराने कर्करोग मुळापासून जातो, असे आमच्या जाऊबाईंनी वाचले. खर्च तीस-चाळीस लाख सांगतात. त्यासाठी संगमेश्वरजवळची सामाईक जमीन विकावी, असे घरात चालले आहे. आपण काय सांगाल? (दादर)

उत्तर : जमिनीचा व्यवहार थांबवा. हे आधी सांगतो, कारण नंतर देतो.

बातमी खोटी नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून विकसित केलेल्या 'नेक्सकार-१९' या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. अमेरिकेत अशा प्रकारचा पहिला उपचार २०१७ साली बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती, हे लक्षात घेतले तर आपल्याकडच्या कामाचे मोल कळते. या उपचारात रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढतात, निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवे जनुक घालतात, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवतात आणि मग त्या शिरेतून रुग्णाला परत देतात. नव्या जनुकामुळे त्या पेशींना 'सीडी-१९' नावाची खूण ओळखता येते, आणि ही खूण जिच्यावर दिसेल त्या पेशीवर त्या तुटून पडतात.

सगळी मेख या खुणेत आहे. ती रक्तातल्या बी पेशींवर (याही पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) असते, त्यामुळे बी पेशींपासून उद्भवणारे काही रक्ताचे आणि लसिकाग्रंथींचे कर्करोग, तेही आधीच्या उपचारांना न जुमानणारे किंवा उलटलेले, एवढ्यांसाठीच हा उपचार मान्य झाला आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशीवर ही खूण नसतेच. पत्ता चुकलेले पत्र कितीही स्पीड पोस्टाने धाडले तरी ज्याला हवे त्याला मिळत नाही, तशी ही गोष्ट आहे. 'मुळापासून जातो' हे शब्दही बातमीदाराचे समजा. या उपचाराच्या चाचणीचे २०२५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला अशा ५१ रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांनी उपचाराला प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे आजार दिसेनासा होणे किंवा बराचसा ओसरणे. कायमचे बरे होणे हा वेगळा मुद्दा आहे आणि तो वर्षांनी ठरतो.

आता तुमच्या दिरांसाठी उपयोगी पडेल असे सांगतो. त्यांच्या गाठीचा तुकडा तपासला तेव्हा प्रयोगशाळेने तो मेणात बसवून ठेवला असेल. मुंबईच्या रुग्णालयांत याला नुसते 'ब्लॉक' म्हणतात आणि बाहेरगावचे रुग्ण तो पिशवीत घालून परळभर हिंडताना दिसतात. त्याच ब्लॉकवर 'एमएमआर' तपासणी झाली आहे का, हे फाइल उघडून पाहा. पेशी विभागताना जनुकांच्या नकलेत चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी एक यंत्रणा पेशीतच असते, तिलाच एमएमआर म्हणतात. ही यंत्रणा बिघडली असेल तर गाठीत इतक्या चुका साठतात की शरीराच्या प्रतिकारशक्तीला ती परकी म्हणून ओळखता येते. अशा रुग्णांत प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाने आजार वाढण्यापूर्वीचा मध्यम काळ (म्हणजे निम्म्या रुग्णांत आजार ज्याहून अधिक थोपला तो काळ) सुमारे साडेसोळा महिन्यांपर्यंत गेला, तर केमोथेरपी घेणाऱ्यांत तो सुमारे आठ महिने होता, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात असे रुग्ण शंभरात पाचच्या आसपास असतात, म्हणजे शक्यता थोडीच आहे. पण कार-टीच्या तुलनेत ही तपासणी अगदी किरकोळ खर्चाची आहे आणि तिच्यात ही यंत्रणा बिघडलेली निघाली तर उपचारांची दिशाच बदलते. तसे झाले तर हा दोष आनुवंशिक आहे का, हेही पाहावे लागेल, आणि मग तुमच्या यजमानांचीही तपासणी ओघाने आली. यकृतातल्या गाठी मोजक्या असतील तर काही रुग्णांत त्या शस्त्रक्रियेने काढता येतात. म्हणून केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी यकृताच्या शल्यविशारदांचे मत घेतले आहे का, तेही विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्याची चौकशी जमिनीच्या आधी करावी.

प्रश्न : माझ्या बहिणीच्या स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया दोन आठवड्यांनी ठरली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती भुलीचे साधे इंजेक्शन दिल्यास आयुष्य वाढते, असे भाचीने वाचले. हे खरे असेल तर सगळीकडे का देत नाहीत? आणि सर्जनना विचारले तर त्यांना राग येईल का? (मुलुंड)

उत्तर : मला या महिन्यातला सर्वांत आवडलेला प्रश्न हा आहे, कारण हे संशोधन आपल्या मुंबईचे आहे आणि ते फारसे कुणाला ठाऊक नाही.

दात काढताना हिरडीत टोचतात तेच हे लिग्नोकेन. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर ही चाचणी केली. रुग्ण भुलीखाली असताना, छेद घेण्याआधी, सर्जन ०.५ टक्के लिग्नोकेन गाठीच्या सर्व बाजूंनी टोचतो आणि मग घड्याळाकडे पाहत सात ते दहा मिनिटे नुसता थांबतो. शस्त्रक्रियागृहातल्या माणसांसाठी ही मिनिटे फार लांब असतात. चाचणीत निम्म्या स्त्रियांना हे इंजेक्शन दिले आणि निम्म्यांना दिले नाही. बाकी उपचार दोन्हीकडे सारखेच होते. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्यांत ८६.४ टक्के, तर दिलेल्यांत ९०.१ टक्के निघाले. याचा अर्थ शंभर स्त्रियांमागे जवळजवळ चार जीव अधिक वाचले, आणि खर्च झाला शंभर रुपयांच्याही आत. चाकू लागताना गाठीतल्या पेशी विस्कटतात आणि त्यांतल्या काही रक्तात शिरून इतरत्र मूळ धरण्याची भीती असते. लिग्नोकेन पेशींच्या आवरणातल्या सोडियमच्या वाटा बंद करते आणि त्यामुळे पेशींची ही हालचाल मंदावत असावी, असा संशोधकांचा तर्क आहे.

सगळीकडे का देत नाहीत, याची एक बाजू शास्त्राची आहे. इतका मोठा निर्णय एकाच चाचणीवर घ्यावा का, असे विचारणारे डॉक्टर आहेत आणि त्यांचे विचारणे रास्त आहे. दुसरी बाजू व्यवहाराची. लिग्नोकेनवर कुणाचे पेटंट नाही, त्यामुळे त्याचे माहितीपत्रक घेऊन डॉक्टरांच्या दारात बसणारा प्रतिनिधीही नाही. नवे महागडे औषध वर्षभरात सर्वतोमुखी होते आणि शंभर रुपयांचे इंजेक्शन रेंगाळते, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

तुमच्या बहिणीबाबत एक गोष्ट आधी पाहा. ही चाचणी सुरुवातीच्या अवस्थेतल्या आणि थेट शस्त्रक्रियेने उपचार सुरू झालेल्या स्त्रियांवर झाली होती. आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान केली असेल तर हे आकडे तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत. सर्जनना विचारताना 'तुम्ही हे देत नाही का?' असे न म्हणता, 'टाटाच्या लिग्नोकेनच्या चाचणीबद्दल वाचले, ताईंच्या बाबतीत त्याचा विचार करता येईल का?' असे विचारा. लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी किंवा हृदयाच्या ठोक्यांचा विकार असल्यास तेही त्याच वेळी सांगा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. नकार दिला तर त्याचे कारण तो दोन वाक्यांत सांगेल, आणि ते कारण पटण्याजोगेही असू शकेल.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलाला औषधांना दाद न देणारा क्षय झाला आहे. डॉक्टर म्हणतात, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, इंजेक्शन नाही. माझ्या भावाला हाच आजार झाला होता तेव्हा त्याने दोन वर्षे औषधे घेतली आणि इंजेक्शनांनी त्याचा एक कान गेला. माझ्या मुलाला अर्धेच औषध देत आहेत का? (गोवंडी)

उत्तर : नाही. तुमच्या भावाला जे सोसावे लागले ते मुलाला सोसावे लागू नये, म्हणूनच ही पद्धत आली आहे. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यामागची मुख्य चाचणी बेलारूस, उझबेकिस्तान आणि दक्षिण आफ्रिका या देशांत झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार या उपचाराने ८९ टक्के रुग्णांत यश आले, तर जुन्या लांबलचक उपचारांत ते ५२ टक्केच होते. जुन्या उपचारात अपयश मुख्यतः रुग्णांना औषधे सोसेनाशी होण्यामुळे आणि मध्येच थांबवावी लागण्यामुळे येत असे. तुमच्या भावाने दोन वर्षे नेटाने काढली, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मात्र गोळ्या आहेत म्हणून बिनधोक आहेत, असे समजू नका. पायाला मुंग्या येणे, तळवे बधिर होणे किंवा अक्षरे व रंग फिके दिसणे ही लिनेझोलिडची लक्षणे असू शकतात. ती दिसताच त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका आणि स्वतःहून गोळीही बंद करू नका. बेडाक्विलिनमुळे हृदयाच्या विद्युतलयीत बदल होऊ शकतो, म्हणून ठरलेले ईसीजी चुकवू नयेत. रक्त वेळोवेळी तपासावे लागेल.

तुमच्या पत्रात घरात सहा माणसे एका खोलीत राहतात असे लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट जोडतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दर महिन्याला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन एक चाचणी झाली. तिच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरातल्या इतरांना नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटले. लसीकडूनही आपण याहून फार मोठी अपेक्षा ठेवत नाही. निक्षय पोषण योजनेचे दरमहा १००० रुपये मुलाच्या बँक खात्यात जमा होतात का, ते पाहा. आधार जोडलेले नसल्याने ते पुष्कळदा अडकतात. घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्या आणि खिडकी थंडीतही उघडी ठेवा.

प्रश्न : सोबत जाहिरातीचा फोटो पाठवत आहे. माझ्या सात वर्षांच्या भाच्याला स्वमग्नता आहे. मूलपेशींच्या (स्टेम सेल) तीन 'सिटिंग'साठी चार लाख रुपये सांगितले आहेत. 'आधुनिक संशोधनावर आधारित' असे जाहिरातीत लिहिले आहे. (ठाणे)

उत्तर : देऊ नका. देशाच्या २०१७ च्या मूलपेशी मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांत केले जाणारे मूलपेशींचे प्रत्यारोपण हाच मान्य उपचार आहे. स्वमग्नतेसह बाकी सर्व आजारांत मूलपेशींचा वापर फक्त रीतसर चाचणीतच करता येतो, आणि त्या चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून त्या केंद्राला दोनच गोष्टी विचारा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामधला चाचणीचा नोंदणी क्रमांक काय, आणि नैतिकता समितीची मंजुरी कोठे आहे? क्रमांक मिळाला तर तो नोंदवहीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतो. क्रमांक नाही आणि पावती मात्र चार लाखांची, असे असेल तर तिथे संशोधन चाललेले नाही.

भाच्याची श्रवणतपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तुम्हाला ठाण्याहून लांब वाटली तरी एक सकाळ काढून तिथे जाऊन या. वाक्-उपचार आणि व्यवसायोपचार (रोजची कामे करायला शिकवणारे उपचार) कंटाळवाणे असतात आणि वर्षानुवर्षे चालतात, त्यांची जाहिरात लोकलच्या डब्यात कुणी करत नाही. पण ते लवकर आणि नियमित केल्याने मुलांच्या बोलण्यात व रोजच्या वागण्यात फरक पडतो. चार लाखांत ते कित्येक वर्षे चालवता येतील.