डीएनए दाखला असलेला नर घेतला, तर पिल्लांची संख्या वाढेल का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा : खानापूर तालुक्यात आपल्याकडे यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या १८ माद्या आहेत, वेताला सरासरी सात-आठ पिल्ले मिळतात, आणि एक विक्रेता ‘जास्त पिल्लांचे जनुक’ असल्याचा डीएनए दाखला दाखवून लार्ज व्हाइट यॉर्कशायर नराची दुप्पट किंमत मागतो आहे, तो घ्यावा का? तेवढ्या एका दाखल्यासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी हुक्केरी तालुक्यात वराहपालन करतो आणि असाच दाखला पाहून मीही एकदा नर घेतला होता.

दाखला खोटाच असतो, असे मात्र नाही. पिल्लांची संख्या हा गुण फक्त मादीत आणि तोही ती व्याल्यावरच दिसतो. नराने मुलींना काय दिले, हे कळायला त्या मुली मोठ्या होऊन विईपर्यंत थांबावे लागते. दाखल्यात नोंदवलेली जनुकीय खूण, म्हणजे डीएनएमधली ओळखू येणारी ठरावीक जागा, मात्र जन्मल्या दिवशीच कानाच्या तुकड्यावरून वाचता येते, म्हणून संशोधकांना तिचे एवढे आकर्षण वाटले. सर्वांत गाजलेली खूण इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या (मादीच्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाच्या), म्हणजे ईएसआर जनुकाची. १९९६ साली अमेरिकेतील मॅक्स रॉथशिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, ज्या कळपात निम्मे रक्त चीनच्या मैशान जातीचे आहे, त्यात या जनुकाच्या अनुकूल रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्या माद्या, प्रतिकूल रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्या माद्यांपेक्षा पहिल्या वेताला २.३ आणि सर्व वेतांची सरासरी धरता १.५ पिल्ले जास्त देतात.

हा आकडा ऐकून कोणालाही मोह होईल. पण तो मैशानचे रक्त असलेल्या कळपाचा आहे. पुढे इतर जातींत तपासण्या झाल्या तेव्हा कुठे फरक थोडा दिसला, कुठे दिसलाच नाही. याचे एक कारण असे की, चाचणीत वाचली जाणारी जागा जनुकाच्या अशा भागात आहे, ज्यापासून प्रथिन तयार होत नाही. ती खऱ्या कारणाची शेजारीण असावी, आणि हे शेजारपण प्रत्येक जातीत टिकलेले असेलच असे नाही. प्रोलॅक्टिन रिसेप्टर आणि आरबीपी४ या जनुकांच्या खुणांबाबतही निष्कर्ष कळपागणिक बदलत गेले. पिल्लांची संख्या किती बीजे सुटतात, किती गर्भ तगतात, गर्भाशयात जागा किती आहे, अशा अनेक गोष्टींवर ठरते आणि त्यामागे शेकडो जनुकांचा थोडा-थोडा वाटा असतो. म्हणूनच मोठ्या पैदास संस्था आता एका जनुकावर विसंबत नाहीत. सुमारे ६०,००० खुणा एकदम वाचणारी चिप वापरून, हजारो जनावरांच्या नोंदींशी ताडून त्या नराचे मोल ठरवतात. त्या नोंदींशिवाय नुसती चिपही मुकी असते.

या गुणाची आनुवंशिकता जेमतेम १० टक्के आहे. म्हणजे एखाद्या मादीने एका वेताला सरासरीपेक्षा दोन पिल्ले जास्त दिली, तर तिच्या मुलीकडून सरासरीपेक्षा जेमतेम ०.१ पिल्लू जास्त अपेक्षावे. बाकीचे खाणे, हवामान, रोग आणि रेतनाची वेळ यांवर जाते.

मी आणलेल्या नराच्या मुली आठ-आठच पिल्ले देत राहिल्या. त्याहून मोठी चूक माझी होती : महाग नर वाया जाऊ नये म्हणून मी तो त्याच्याच मुलींवर सोडला आणि त्या वेतांना पिल्ले सहावर आली, शिवाय त्यांतली दोन-तीन मुठीएवढीच निघाली. अंतःप्रजननाचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या संबंधाचा, फटका पिल्लांच्या संख्येला लगेच बसतो. त्यानंतर मी प्रत्येक मादीच्या कानाला बिल्ला लावला आणि विताना गोठ्यात बसून जिवंत, मेलेली आणि वाळून तपकिरी पडलेली पिल्ले वेगवेगळी मोजून वहीत लिहू लागलो. वाळलेली पिल्ले वरचेवर दिसू लागली, तर गर्भ पोटातच मारणाऱ्या पार्व्होविषाणूचा संशय धरून पशुवैद्यांना दाखवावे; तिथे नर बदलून उपयोग नाही.

आपल्या माद्यांचे नेमके काय बिघडते आहे हे न पाहता सांगणे बरोबर नाही, पण तीन गोष्टी आधी तपासाव्यात. कंबरेवर दाब दिला असता माजावरची मादी निश्चल उभी राहते, तेव्हापासून सुमारे १२ तासांनी एकदा आणि पुन्हा १२ तासांनी दुसऱ्यांदा तिच्यावर नर सोडला जातो का? पहिल्या वेताच्या माद्यांना माजाआधी आठ-दहा दिवस खुराक वाढवला जातो का? आणि एप्रिल-मे महिन्यांत गाभण राहिलेल्या माद्यांना पहिला महिनाभर दुपारी सावली आणि अंगावर पाणी मिळते का? त्या महिन्यातल्या उष्म्याने बरेच गर्भ आतच विरून जातात आणि आपल्याला फक्त कमी पिल्ले दिसतात.

नर बदलायचाच असेल, तर आपल्या यॉर्कशायर माद्यांवर लँड्रेससारखा वेगळ्या जातीचा नर वापरावा. संकराचा खरा लाभ त्या संकरित मुली विऊ लागल्या की पिल्लांच्या संख्येत दिसतो. विक्रेत्याकडे दाखल्याऐवजी त्या नराच्या आईच्या आणि बहिणींच्या किमान तीन वेतांची वही मागावी, आणि आईच्या सडांची संख्या स्वतः मोजावी. बारा पिल्ले झाली आणि दूध येणारे सड दहाच असले, तर दोन पिल्ले आठवडाभरात हातची जातात.