आधी समोरच्याची धास्ती ओळख

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या अभ्यासाचा आराखडा वाचला. निर्वासितांचे हाल तळमळीने मांडलेस, पण ते वाचून सरकारी अधिकाऱ्याने नेमकं काय करायचं, हे त्यात सापडत नाही. त्याच्यापुढे एक निर्णय असतो आणि त्या निर्णयाची त्याला धास्ती असते. ती कशाची, हे आधी हुडकून काढ.

कोलंबियाचं उदाहरण बारकाईने बघ. व्हेनेझुएलातून लाखो माणसं तिथे आली. २०१८ च्या एप्रिल ते जूनमध्ये सरकारने कागदपत्रं नसलेल्यांची नोंदणी केली. ४ लाख ४२ हजारांवर लोकांची नावं लागली. पुढे परवाना मिळेल, हे नाव देताना त्यांना ठाऊक नव्हतं; म्हणजे परवान्याच्या आशेने कुणी नाव दिलं नव्हतं, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट. काही आठवड्यांतच राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना देण्याचं ठरलं. आता आपल्या लोकांच्या नोकऱ्या जाणार, ही धास्ती होतीच. दानी बहार, आना मारिया इबान्येस आणि सान्द्रा रोसो या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका तोच प्रश्न धरला. परवान्याच्या ऑनलाइन नोंदणीला जिथे जास्त मुदत मिळाली आणि जिथे कमी, तिथले रोजगाराचे आकडे ताडून पाहिले. स्थानिकांच्या नोंदणीकृत नोकऱ्यांवरचा परिणाम नगण्य निघाला. जो थोडा दिसला तो जास्त शिकलेल्यांवर आणि स्त्रियांवर, आणि तेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्ष इव्हान दुके यांनी या लोकांना देशात राहण्यासाठी १० वर्षांच्या कायदेशीर संरक्षणाची घोषणा केली. ती शोधनिबंधामुळे झाली असं मी म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. पण निर्णयाची वेळ आली तेव्हा उत्तर हाताशी होतं. आपलं काम तेवढं, आणि ते थोडं नाही. तुझ्या अभ्यासात काय मोजलं नाही, ते पहिल्याच पानावर सांग.

माहितीबाबत मी कडक आहे. बांगलादेशात गोळा केलेली रोहिंग्यांची माहिती म्यानमारच्या हाती गेल्याचं ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने २०२१ मध्ये समोर आणलं. ज्यांच्यापासून जीव वाचवून पळाले, त्यांच्याच हाती! म्हणून नावं आणि फोन नंबर उत्तरांपासून वेगळे ठेव, आणि गरज नसेल तर घेऊच नकोस.

आराखडा पुन्हा लिही. निर्णय कोण घेणार आणि कधी, हे सर्वांत वर येऊ दे. मग पाठव, मी वाचते.