मूत्रपिंडाची जनुकं: सुरुवात कुठून करशील?

जनुकांची यादी पाठ करत बसू नकोस. आधी गर्भात मूत्रपिंड घडवणाऱ्या दोन ऊती नीट ओळख: मूत्रवाहिनीचा अंकुर आणि त्याभोवतीचं मेसेन्काइम, म्हणजे सैल गर्भीय ऊती. मेसेन्काइम जीडीएनएफ प्रथिन सोडतं, अंकुराच्या पेशींवरचा रेट ग्राही (संकेत टिपणारं प्रथिन) ते पकडतो आणि अंकुराला फांद्या फुटतात. उलट अंकुराकडून डब्ल्यूएनटी९बी हे संकेत-प्रथिन येतं, मग मेसेन्काइममध्ये डब्ल्यूएनटी४ जनुक सुरू होऊन नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारा मूत्रपिंडाचा सूक्ष्म एकक, घडू लागतो.

खरा वेळ सिक्स२वर घाल. हे जनुक मेसेन्काइममधल्या पूर्वज पेशींना, म्हणजे ज्यांपासून नेफ्रॉन बनतात त्यांना, पूर्वजच ठेवतं. उंदरात ते काढून टाकलं की पेशी अवेळी नेफ्रॉनकडे वळतात, साठा आटतो आणि मूत्रपिंड खुरटं राहतं. वाढ आणि विभेदन (पेशीनं ठरावीक प्रकारची होणं) यांतली ओढाताण मला तरी इथंच सर्वांत स्वच्छ दिसते. माणसात गर्भारपणाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंतच नवे नेफ्रॉन बनतात, म्हणून हा साठा टिकणं फार मोलाचं.

डब्ल्यूटी१ जनुक म्हणजे फक्त विल्म्स ट्यूमर (लहान मुलांतला मूत्रपिंडाचा कर्करोग), असं समजू नकोस. ते नसलेल्या उंदरांत मूत्रपिंड तयारच होत नाही, हे १९९३ मध्ये दिसलं. प्रौढ पोडोसाइटलाही (नेफ्रॉनच्या गाळणीतली पेशी) ते लागतंच. तेव्हा प्रत्येक शोधनिबंधाला आधी विचार: जनुक कोणत्या पेशीत बंद केलं, आणि गर्भाच्या कितव्या दिवशी?