४ लाख ८० हजारांचा संच आणि ८ डॉलरची क्लिप

चिपळूणच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ३६, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी, हातात पगार ४६,००० रुपये. घराचा हप्ता १४,५००, घरखर्च २२,०००, मुलीच्या सुकन्या खात्यात दरमहा ३,०००. बँकेत ४ लाखांची मुदत ठेव, बाकी शिल्लक फारशी नाही. त्यांना व्हिडिओ चित्रीकरणाचा नाद आहे. दोन वर्षांपूर्वी घेतलेला जुना मिररलेस कॅमेरा आणि एक लेन्स जवळ आहे. स्टॉक फूटेज, म्हणजे कोणालाही परवान्यावर वापरता येतील अशा छोट्या क्लिपा, ऑनलाइन विकायचा त्यांचा विचार आहे. त्यासाठी फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, दोन लेन्स, गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारी दांडी) आणि ड्रोन असा ४ लाख ८० हजारांचा संच ठरला आहे. ठेवीतले ३ लाख मोडायचे आणि १ लाख ८० हजार वैयक्तिक कर्ज काढायचे. ‘वर्षभरात जम बसला की नोकरी सोडेन. तुमचे मत सांगा,’ असे ते लिहितात.

सप्रेम नमस्कार.

काम सुरू करा, संच घेऊ नका. हे दोन निर्णय वेगळे आहेत आणि तुमच्या पत्रात ते एकच होऊन बसले आहेत.

आधी संचाचा खरा खर्च पाहू. १ लाख ८० हजारांचे कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ६,१५० रुपये बसतो आणि व्याजापोटी ४१,००० रुपयांहून जास्त जातात. मोडलेले ३ लाख ७ टक्क्यांनी तीन वर्षे राहिले असते तर त्यावर ६९,००० रुपयांच्या आसपास व्याज आले असते, तेही गेले. म्हणजे ४ लाख ८० हजारांचा संच तीन वर्षांत ५ लाख ९० हजारांना पडतो. दरमहा १६,४०० रुपये.

आता एवढे पैसे फूटेजमधून यायला किती क्लिपा विकाव्या लागतील? एका विक्रीमागे तुमच्या हाती ८ डॉलर येतात असे धरू, आणि डॉलर ८५ रुपयांचा. हा आकडा फक्त हिशेबासाठी आहे. फोर-के क्लिपचा सुटा परवाना विकला गेला तर याच्या कितीतरी पट मिळतात, आणि वर्गणीदार ग्राहकाने क्लिप उतरवून घेतली तर हाती पडणारी रक्कम फार लहान असते. ८ डॉलर म्हणजे ६८० रुपये. संचाचे पैसे सुटायला सुमारे ८७० विक्री हव्यात. पहिले वर्ष क्लिपा जमवण्यात आणि चढवण्यात जाईल, म्हणून त्यात विक्री नाही असे धरले, तर पुढची दोन वर्षे दर महिन्याला ३६. आणि यात तुमच्या रविवारांचे मोल शून्य धरले आहे.

संकेतस्थळांचा वाटाही समजून घ्या. ॲडोबी स्टॉक व्हिडिओच्या विक्रीतले ३५ टक्के चित्रीकरण करणाऱ्याला देते. शटरस्टॉकवर २०२० पासून पायऱ्यांची पद्धत आहे. पहिल्या पायरीवर १५ टक्के, विक्री वाढेल तसे वर चढत ४० टक्क्यांपर्यंत. पण दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. डिसेंबरात जिथे पोचलात तिथून जानेवारी सुरू होत नाही. नव्या माणसाने वर्षाचा अंदाज बांधताना खालचीच टक्केवारी धरावी.

तुमच्या घराच्या हिशेबाकडे येतो, कारण मला खरी काळजी तिथली वाटते. हप्ता आणि घरखर्च मिळून ३६,५००, सुकन्या ३,०००, उरतात ६,५००. त्यातून कर्जाचे ६,१५० गेले की हातात ३५० रुपये. ठेवीत उरणार १ लाख, म्हणजे घराचा तीन महिन्यांचाही खर्च नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी शहरात शिरले, ते तुम्ही बघितले आहे. चिपळूणमध्ये राहणाऱ्या माणसाला अडीअडचणीसाठी पैसे बाजूला का ठेवायचे, हे मी वेगळे काय सांगणार? ४ लाखांपैकी निदान २ लाख २० हजारांना, म्हणजे सहा महिन्यांच्या खर्चाला, कॅमेऱ्यासाठी हात लावायचा नाही. आणि जो काही कॅमेरा आज घरात आहे तो आणि हार्ड डिस्क जूनपासून वरच्या मजल्यावर हलवा. शक्य असेल तर त्यांचा विमा उतरवा, पण आधी त्यात पुराचे नुकसान धरले आहे का ते वाचून घ्या.

‘कॅमेऱ्याचा खर्च दाखवून कर वाचेल,’ असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या पगारावर नव्या करप्रणालीत आज करच लागत नाही. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सूट आहे. जो कर नाही तो वाचणार कसा? उलट एक कर मात्र लागेल. या कंपन्या अमेरिकी आहेत. अमेरिकेतल्या ग्राहकाने क्लिप घेतली की त्या रॉयल्टीतून तिथला कर कापला जातो. खाते उघडताना डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म पॅन क्रमांकासह नीट भरला तर भारत-अमेरिका करारानुसार १५ टक्के, नाही भरला तर ३० टक्के. तिथे कापलेला कर इथल्या करातून वळता करून घेता येतो, पण इथे तुमचा कर शून्य असल्याने वळता करायला काही उरतच नाही. ते १५ टक्के गेले असेच धरा. विवरणपत्रही आता साधे आयटीआर-१ चालणार नाही. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. जीएसटीचा प्रश्न उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यावर येतो. तो तूर्त डोक्यातून काढा.

ड्रोन यादीतून खोडा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. बाजारात ‘मिळवून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यांच्याकडून बिलाशिवाय घेतलेली वस्तू नोंदणीला, विम्याला आणि उद्या विकायला, तिन्ही वेळी अडते. शिवाय कमाईसाठी उडवायचे तर ड्रोनच्या वजनाप्रमाणे परवान्याचे नियम वेगळे आहेत. ज्या कामातून अजून एक रुपया आलेला नाही, त्याच्यासाठी एवढा व्याप कशाला?

आता ज्या भागाबद्दल मला तुमच्याइतकाच उत्साह आहे, तिकडे येतो. तुम्ही चित्रीकरणाची यादी पाठवली आहे: गुहागरचा सूर्यास्त, सवतसडा धबधबा, पावसातला परशुराम घाट, हर्णैचा मासळी लिलाव. माझ्याकडे गुंतवणुकीसाठी येणारे एक गृहस्थ बरीच वर्षे हे काम करतात. त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो. ग्राहक शोधताना दृश्य शोधत नाही, त्याच्या जाहिरातीत किंवा माहितीपटात जी जागा रिकामी आहे तिला बसेल असा तुकडा शोधतो. सूर्यास्त प्रत्येक संकेतस्थळावर अगणित पडले आहेत, आणि आता ते कोणी कॅमेऱ्याविनाही बनवतो. नुसत्या वर्णनावरून व्हिडिओ बनवणारी एआय साधने निघाली आहेत: २०२४ मध्ये सोरा आले, २०२५ मध्ये व्हिओ ३. नुसत्या देखण्या निसर्गाचा भाव यापुढे वाढेल असे मला वाटत नाही. टिकेल ते खऱ्या जागेचे, खऱ्या माणसांचे, ज्यात चूक चालत नाही असे काम.

आणि तुमच्याकडे तसे काम आहे! बारा वर्षे प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाने सूर्यास्ताच्या मागे का जावे? पिपेट कशी धरतात, टायट्रेशनमध्ये शेवटच्या थेंबाला रंग कसा पालटतो, ब्युरेटवरचे माप डोळ्याच्या रेषेत कसे वाचतात, हे तुम्हाला झोपेतही येते. स्टॉक फूटेजमधले ‘शास्त्रज्ञ’ रंगीत पाण्याची चंचुपात्रे हलवत बसलेले असतात. भारतीय चेहरे, भारतीय प्रयोगशाळा आणि बिनचूक कृती, असा साठा तुम्ही करू शकता. कंपनीत मात्र कॅमेरा नेऊ नका, आणि नियुक्तिपत्रात जोडधंद्याबद्दल काय लिहिले आहे ते आजच वाचा. एखाद्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा रविवारी भाड्याने मागा, प्राचार्यांकडून जागेच्या वापराचे लेखी संमतिपत्र घ्या. बाटल्यांवरची कंपन्यांची नावे झाका, बोधचिन्ह दिसले की क्लिप परत येते. ट्यूबलाइटखाली चित्रीकरण असेल तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे हे लक्षात ठेवून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकते आणि दिवस वाया जातो.

ज्याचा चेहरा ओळखू येतो त्या प्रत्येकाचे सहीचे संमतिपत्र लागते. त्याविना क्लिप फक्त बातमीसारख्या, म्हणजे एडिटोरियल वापरासाठी चढवता येते आणि तिचे गिऱ्हाईक कमी. मित्रांच्या लग्नांत काढलेले जुने चित्रीकरण चढवू का, असे तुम्ही विचारले आहे. नको. त्या माणसांनी तुम्हाला आपल्या घरच्या कार्यात घेतले होते, बाजारात उभे राहायला होकार दिला नव्हता. भातलावणीचे चित्रीकरण करायचे असेल तर बायकांना आधी मराठीत समजावून सांगा: हे चित्र जगात कुठेही, कोणत्याही जाहिरातीत दिसू शकते आणि सही केल्यावर परत घेता येत नाही. मग सही घ्या, आणि सहीबरोबर निदान अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. तुमच्या खर्चाच्या वहीत ही रक्कम पहिल्या ओळीत हवी. यात कंजुषी केलेली मला पटणार नाही.

पैशांची मांडणी मी अशी करीन. जुनाच कॅमेरा, तो फोर-के काढतो हे तुम्ही लिहिलेच आहे. त्याच्याबरोबर एक चांगला फ्लुइड हेडचा, म्हणजे कॅमेरा न अडखळता फिरवणारा ट्रायपॉड, एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी काच) आणि दोन हार्ड डिस्क. दोन अशासाठी की १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) एक मिनिट चित्रीकरण म्हणजे ७५० एमबी, तासाभराचे ४५ जीबी, आणि एकच प्रत ठेवणाऱ्याचे वर्ष एका बिघाडात जाते. या सगळ्याला ३५,००० रुपयांची मर्यादा. ठेव न मोडता दरमहा उरणाऱ्या ६,५०० मधून सहा महिन्यांत ते जमतील. घाई असेल तर वैयक्तिक कर्जाऐवजी ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच जास्त पडतो आणि ठेव जागेवर राहते.

पहिल्या वर्षात ३०० क्लिपांचे लक्ष्य ठेवा, प्रत्येक ५ ते ६० सेकंदांची. एकाच संकेतस्थळाशी बांधून घेऊ नका, तोच साठा दोन-तीन ठिकाणी चढवा. शीर्षक आणि शोधशब्द इंग्रजीत द्या. याला चित्रीकरणाइतकाच वेळ लागतो आणि नवखे लोक इथेच कंटाळतात. तुमच्या पत्नीचे इंग्रजी उत्तम आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना हे काम करायचे आहे का ते विचारा, गृहीत धरू नका, आणि त्यांनी केले तर कमाईत त्यांचा वाटा आधी ठरवा.

पुढची प्रत्येक वस्तू फूटेजच्या पैशांतून. लेन्स ४०,००० ची हवी असेल तर आधी ४०,००० खात्यात आले पाहिजेत. ज्या वर्षी करकपातीनंतर सलग बारा महिने दरमहा १६,००० येतील, त्या वर्षी फुल-फ्रेमबद्दल पुन्हा लिहा, मी आनंदाने हो म्हणेन.

तोवर कॅमेऱ्याला जवळचे कामही द्या. दापोली-गुहागरच्या घरगुती निवासांना स्वतःचे छोटे व्हिडिओ हवे असतात. अशा एका दिवसाच्या कामाचे पैसे आठवड्यात मिळतात आणि तुमचा हात सुधारतो. क्लिपा चढवून वाट पाहण्याच्या काळात ही कमाई घराला आधार देईल.

नोकरीचे थोडक्यात सांगतो. तुमच्या कुटुंबाचा आरोग्य विमा कंपनीचा आहे, नोकरी गेली की तोही जातो. स्वतःचा फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच असा आरोग्य विमा घेतलेला नसताना, घराचे कर्ज चालू असताना आणि मुलगी पाच वर्षांची असताना ‘वर्षभरात सोडेन’ हे वाक्य योजनेतून काढा. विमा मात्र या तिमाहीतच घ्या, कॅमेऱ्याच्या आधी.

येत्या मार्चअखेर मला तीन आकडे कळवा: किती क्लिपा चढल्या, किती नाकारल्या आणि कशासाठी, आणि किती विकल्या गेल्या. कोणत्या विकल्या तेही लिहा, टायट्रेशनच्या की घाटाच्या.