नॅसमध्ये डिस्क कुणाची घालायची?

प्रश्न : सर, सांगलीत गावभागात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या शूटचा सहाएक टीबी डेटा सुट्ट्या हार्डडिस्कांवर विखुरलाय. सिनॉलॉजी कंपनीचा डीएस९२५ प्लस हा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडून सगळा डेटा एका जागी ठेवायचा डिस्कांचा डबा, घेणार होतो, पण दाजी म्हणतात त्यात कंपनीचीच डिस्क लागते. खरंय का?

उत्तर : दाजी सांगतात ते काही महिने खरं होतं. एप्रिल 2025 मध्ये सिनॉलॉजीने जाहीर केलं की 2025 च्या प्लस मॉडेलमध्ये आमची किंवा आमच्या यादीतलीच डिस्क चालणार, दुसरी घातली तर नवीन सेटअपच होईना. लोक जाम भडकले, आणि ऑक्टोबरमध्ये डीएसएम 7.3 (नॅस चालवणारं सिनॉलॉजीचं सॉफ्टवेअर) आलं त्यात हार्डडिस्क आणि साटा एसएसडीवरची अट काढली. एम.टू एसएसडीला, म्हणजे बोर्डावर बसणाऱ्या छोट्या पट्टीसारख्या एसएसडीला मात्र यादी अजून बघावी लागते.

म्हणजे आज घेतलात तर सीगेटची आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडीची रेड प्लस बिनधास्त घाला. नुसतं 'रेड' लिहिलेली घेऊ नका, त्यातल्या 2 ते 6 टीबीच्या बऱ्याच डिस्क एसएमआर निघाल्या म्हणून 2020 मध्ये बोंबाबोंब झाली होती. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे रिबिल्डला, म्हणजे गेलेल्या डिस्कच्या जागी नवीन घालून तिच्यावर डेटा परत भरताना, ती डिस्क रडवते.

तरी ही अट मला एवढी का खुपली ते सांगतो. नॅस सात-आठ वर्षं चालतो, डिस्क मध्येच कधीतरी जाणार. माझी गेली ती ऐन लग्नसराईत, सकाळी सहाला बीप बीप सुरू, एका डिस्कचा दिवा केशरी, आणि सगळा डेटा उरलेल्या एकाच डिस्कवर. दहाला दुकान उघडलं, जी नॅस डिस्क मिळाली ती आणून घातली, रिबिल्ड रात्रभर चाललं आणि मी शेजारी बसून. कंपनीचीच लागली असती तर पुण्याहून येईपर्यंत तीन-चार दिवस जीव टांगणीला. म्हणून बॉक्स कुठलाही घ्या, क्यूनॅप घ्या नाहीतर असुस्टोर, डिस्क आपल्या गावात मिळते ती चालते का हे आधी विचारा.

तुम्हाला दोन 8 टीबीच्या डिस्क मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, पुरतील, उरलेले दोन बे (डिस्कचे खण) नंतर भरा. यूपीएस घ्याच, त्याची यूएसबी वायर नॅसला जोडली की लाईट गेल्यावर तो स्वतः नीट बंद होतो.

आणि मिरर म्हणजे बॅकअप नाही हो! चुकून एखाद्या लग्नाचा फोल्डर डिलीट झाला तर दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो. तुमच्या त्या सुट्ट्या डिस्क टाकू नका, त्यांच्यावर दुसरी कॉपी करा आणि विट्याला किंवा तासगावला पाहुण्यांकडे ठेवा. 2019 ला गावभागात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते तुम्हाला मी काय सांगू, नॅससुद्धा वरच्या मजल्यावरच लावा.