धंद्यातल्या हावेवर खऱ्या घटनांची कॉमिक्स असतात का, आणि ती वाचून काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की घोटाळ्यांवर वेब सिरीज आहेत, जाडजूड पुस्तकं आहेत, मग कॉमिक्स कशाला अन् तसली कुणी काढलीत तरी का. मी अंबाजोगाईकडं शाळेत चित्रकला शिकवतो, विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

आहेत, अन् लई जुनी आहेत. १७२० साली लंडनमध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटला, कित्येक घरं बुडाली, त्यावर विल्यम होगार्थ नावाच्या पोरसवदा चित्रकारानं छापचित्र काढलं. मधोमध जत्रेतला गोल फिरणारा पाळणा, त्यावर सगळ्या थरातले लोक बसून गरगर फिरतायत अन् खाली एका बाजूला प्रामाणिकपणाला चाकाला बांधून मारतायत. मग १८८९ ला अमेरिकेत जोसेफ केप्लर या व्यंगचित्रकारानं तिथली सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, काढली, सिनेटर खाली एवढुसे, त्यांच्या मागं तेल, पोलाद, साखरेचे मक्तेदार उभे, पोटाच्या जागी पैशाची थैली, अन् जनतेसाठीचा दरवाजा बंद. सबंध पुस्तकच पाहिजे असेल तर डॅरिल कनिंगहॅम या ब्रिटिश चित्रकाराचं 'सुपरक्रॅश' घ्या, २००८ ची मंदी कशी आली ते चौकटी-चौकटीनं सांगितलंय, आकडेमोडीला घाबरणाऱ्या माणसालाही कळतं.

माझ्या मते यात एक नियम पाळावाच लागतो, पोट वाढवा, नाक वाढवा, पण हिशोब वाढवू नका. खऱ्या गोष्टीतच एवढं असतं की वरून काही घालायची गरज पडत नाही. हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचंच बघा ना, डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी घरच्याच लोकांच्या मायटास कंपन्या विकत घ्यायचं ठरवलं, मायटास म्हणजे सत्यमचं इंग्रजी स्पेलिंग उलटं, गुंतवणूकदार भडकले, सौदा मागं घ्यावा लागला, अन् ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्रात कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड अन् बँकेतली शिल्लक मुळात नाहीच. एक रिकामी तिजोरी काढली अन् खाली तो आकडा लिहिला की झालं काम.

उपयोग काय म्हणाल तर आमच्या घरचं सांगतो. माझ्या मावशीनं पोरीच्या लग्नासाठी जमवलेले अडीच लाख, सोयाबीनचे अन् थोडे शेळ्या विकून आलेले, ओळखीच्या एजंटाच्या शब्दावर एका मल्टीस्टेटमध्ये, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी सोसायटीत, ठेवले, बँकेच्या जवळजवळ दुप्पट व्याज, अन् एक दिवस शटर खाली. पावती अजून कॅरीबॅगमध्ये गुंडाळून डब्यात ठेवलीय, घडीवरची शाई उडालीय. पैसे कुठं गेले हे तिला वकिलानं सांगितलं, पुतण्यानं सांगितलं, मीही दोनदा सांगितलं, काही केल्या डोक्यात बसंना. मग एका रविवारी मी चार चौकटी काढल्या. पहिलीत मावशी काउंटरवर पैसे देतीय, दुसरीत तेच पैसे शेजारच्या आबांना व्याज म्हणून जातायत, तिसरीत खुश झालेले आबा अजून दोघांना घेऊन आलेत, चौथीत नवीन कुणी येईना अन् कुलूप. सोसायटीच्या साहेबाचं पोट तेवढं दर चौकटीत वाढवलं, बाकी सगळं जसंच्या तसं. बोस्टनच्या चार्ल्स पाँझीनं १९२० साली ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणून हेच केलं होतं.

मावशीनं दुसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं अन् बराच वेळ उचललंच नाही. मग म्हणली, "म्हंजे पहिल्या साली मला भेटलेलं व्याज बी कुणाचं तरी मुद्दल व्हतं का रं?" मला एकदम काही बोलताच आलं नाही, कारण आम्ही सगळे तिच्या बुडालेल्या पैशाचंच बोलत होतो अन् तिला ज्या कुणाचं ते मुद्दल होतं त्याची काळजी लागली.

नंतर तिनंच विचारलं, बँकेत बी असंच असतं का. तेव्हा सांगितलं की बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्था अन् मल्टीस्टेट सोसायटीच्या ठेवीला तो नसतो, पाटी कितीही मोठी असू द्या. "मग हे कामून नाही काढलं?" म्हणली. म्हणून पाचवी चौकट काढली, शेजारी शेजारी दोन खिडक्या, एकीवर छत्री धरलेली, दुसरी उघडी. झेरॉक्स काढून तिच्या बचत गटाच्या बैठकीत वाटल्या. तुम्हाला पाहिजे असेल तर सांगा, फोटो टाकतो.