सांडणे, ओसंडणे आणि बफर

विचारणा अशी: ईमेल सॉफ्टवेअरमधल्या 'बफर ओव्हरफ्लो'ला 'मेलबॉक्स भरून वाहणे' म्हटलं तर चालेल का?

मुळीच नाही. हे ऐकून ऐकून कान किटले. मेलबॉक्स भरला की नवी पत्रं येईनाशी होतात, त्याला तुंबणं म्हणतात. जुलै २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक आणि आउटलुक एक्सप्रेस या ईमेल प्रोग्रॅममध्ये उघडकीला आलेली चूक घ्या. पत्राच्या माथ्यावरच्या तारखेच्या ओळीत शेवटी 'जीएमटी' वगैरे येतं ना, तिथे कुणी मारुतीच्या शेपटीएवढा मजकूर कोंबला तर प्रोग्रॅम लांबी न मोजताच तो संगणकाच्या स्मृतीत नेमून दिलेल्या जागेत, म्हणजे बफरमध्ये, ओतायचा. जास्तीचा जायचा शेजारच्या जागेत, आणि तिथे असायचा काम आटोपल्यावर प्रोग्रॅमनं कुठे परतायचं त्याचा पत्ता. पत्ता बदलला की संगणक हल्लेखोराचा. पत्र उघडायचीही गरज नाही, उतरवून घेतानाच घात. मेलबॉक्सात ते एकच पत्र असलं तरी!

'उतू जाणे'ही नको. उतू गेलेलं दूध वाया जातं. इथे जास्तीचं तेवढंच हल्लेखोराच्या कामी येतं.

शब्द आहे 'ओसंडणे'. याच्या पोटातला 'सांड' बघा. आज पाणी सांडतं, भात सांडतो, पण ज्ञानेश्वरीत 'सांडणे' म्हणजे टाकणे, सोडून देणे. धरणाच्या 'सांडव्या'त हा अर्थ अजून जिवंत आहे असं माझं ठाम मत आहे: सांडव्यावरून पाणी चुकून सांडत नाही, जादा झालेलं सोडून दिलं जातं. सुरुवातीचा 'ओ' मी संस्कृत 'अव' उपसर्गाचा मानतो, 'अवलंब'चा 'ओळंबा' झाला तसा. काही हौशी मंडळी 'ओसंडणे'त 'ओस' शोधतात. अहो, ओस म्हणजे रिकामं, आणि ओसंडतं ते काठोकाठ भरलेलं! निदान अर्थाकडे तरी बघावं. आउटलुकच्या त्या जागेला सांडवा नव्हता, एवढंच दुखणं.

राहिला 'बफर'. त्याला बफरच म्हणा. सीएसएमटीला रुळांच्या टोकाशी उभा असतो तो लहानपणापासून ओळखीचा आहे. इंग्रजीत 'बफ' म्हणजे म्हशीचं कातडंही, म्हणून दोघांची सोयरीक जुळवणारे भेटतात. ती चूक. हा 'बफ' जुन्या फ्रेंचमधला, अर्थ धपका. धपका सोसतो तो बफर. म्हशीचा काही संबंध नाही.